ताट उचलणारी सरपंच

आमच्या मेसमध्ये जेवायला बसलेल्या माणसापुढचं ताट अचानक नाहीसं होत असे. चोरीला जात नसे, रंजना ते उचलून नेत असे. तुम्ही वरणात पोळी बुडवलेली, घास तोंडाशी आलेला, आणि ताट मात्र चालायला लागलेलं. मग तो घास हातात धरून तुम्ही ताटाच्या मागे जायचं, दुसरं करणार काय? ती ते ताट पार पलीकडच्या टेबलावर, ज्याला तुम्ही जन्मात ओळखत नाही अशा माणसासमोर ठेवायची आणि म्हणायची, "बसा हितं. तोंड काय निस्तं जेवायला दिलंय का देवानं? बोला!"

आणि ती निघून जायची, पुढचं ताट उचलायला.

आमचं विद्यापीठ महामार्गाच्या कडेला, शिवऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगर कापून बांधलेलं आहे. खाजगी आहे, नवं आहे आणि त्याच्या जाहिरातीत जगाचा नकाशा आहे. नकाशा काही खोटा नाही. नायजेरियाची मुलं आहेत, नेपाळची आहेत, मणिपूर, काश्मीर, बिहार, केरळ, सगळे आहेत. फक्त जो तो आपापल्या टेबलावर. आमचंही एक टेबल होतं, भोरचं. मी भोरची, म्हणजे भोर शहरातली. वडील कचेरीत, आई शाळेत. आमच्या टेबलावर भोरचीच मुलं बसत आणि भोरमधल्याच कुणाकुणाची लग्नं जमवत आणि मोडत. शिवऱ्याच्या मुलींचं टेबल वेगळं. आम्ही सगळ्या एकाच तालुक्याच्या, पण मिठाची वाटीसुद्धा या टेबलावरून त्या टेबलावर जात नसे.

रंजना वेल्ह्याच्याही पुढची, पासलीची. तिथून आलेली ती एकटीच, त्यामुळे तिला टेबलच नव्हतं. बहुधा म्हणूनच तिने सगळी टेबलं आपलीच मानली.

पहिल्या दिवशी ती माझ्या खोलीत शिरली, खांद्यावरचं तांदळाचं बोचकं माझ्या पलंगावर टाकलं आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "तू कुणाची?"

"मी अदिती," मी म्हटलं.

"नाव कुठं इचारलं? कुणाची?"

मी इतकी गडबडले की तिला विद्यापीठाचं ओळखपत्र काढून दाखवलं. तिने ते उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं. "ह्यात कुठं ल्हिवलंय?"

पासलीत म्हणे आधी नाव विचारतच नाहीत. कुणाचा ते विचारतात. मग घर निघतं, घरातून मामाचं गाव निघतं, मामाच्या गावातून आत्याचं सासर निघतं आणि असं निघत निघत कुठंतरी नातं लागतंच. ते लागलं की मग सावकाश नाव विचारायचं. रंजनाने हा प्रश्न सबंध विद्यापीठाला विचारला. कुलगुरूंनाही सोडलं नाही. ते बिचारे कौतुकाने म्हणाले, "मी लातूरचा." तर ही म्हणते, "गाव न्हाई सर. कुणाचे तुमी?" कुलगुरूंना स्वतःच्या आजोबांचं नाव आठवायला वेळ लागला, तोवर ही दारातच उभी.

पण खरी गंमत झाली ती चिनेदूच्या वेळी. चिनेदू नायजेरियाचा, संगणकशास्त्राला होता. उंच, शांत मुलगा. त्याला आल्यापासून सगळ्यांनी तेच ते विचारून भंडावलेलं. फुटबॉल खेळतोस का? एक सेल्फी घेऊ का? तिकडे सिंह आहेत का? एक दिवस रंजनाने माझं ताट उचलून त्याच्यासमोर ठेवलं आणि मला हुकूम सोडला, "इचार त्याला, कुणाचा तू."

हे इंग्रजीत कसं विचारायचं? मी शरमेने अर्धी झाले. तरी विचारलं. चिनेदूने हातातला पेला खाली ठेवला. ताठ बसला. मग त्याने वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, पणजोबा कशासाठी प्रसिद्ध होते ते सांगितलं, आईचं माहेर कोणत्या नदीकाठी आहे ते सांगितलं. जेवण संपलं, मेसवाल्याने टेबल पुसलं, हा आपला मावशीच्या सासरापर्यंत पोचलेला. शेवटी म्हणाला, "माझ्या आजीच्या दारात कुणी आलं ना, तर तीही आधी हेच विचारते." त्याचा चेहरा असा उजळला होता की मला एकदम भडभडून आलं.

रंजना माझ्याकडे वळली. "बघ. ह्याला बराबर कळलं. आन् तू कारड दाखवत हुतीस."

त्या दिवसापासून सगळं विद्यापीठ तिला सरपंच म्हणायला लागलं.

पुढे विद्यापीठाची तपासणी यायची होती म्हणून 'संवाद आणि समावेशन समिती' नावाचं एक प्रकरण स्थापन झालं. अध्यक्ष विद्यार्थ्यांमधूनच हवा, असा नियम. कामाचं नाव ऐकून सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि सरपंच बिनविरोध निवडून आली. कुलगुरूंची कल्पना अशी की झेंडे लावावेत, सगळ्यांनी आपापले पोशाख घालून यावं, फोटो निघावेत. रंजनाने तेही केलं. चिनेदू जीन्स घालून आला, कारण तो घरी जीन्सच घालतो. आमच्या खोलीतली तिसरी मैत्रीण लिन्थोई मणिपूरची, ती रंजनाच्या हट्टाने नऊवारीत आली. आणि अध्यक्ष स्वतः भातलावणीच्या वेळी पाठीवर घेतात ते बांबूचं आणि पानांचं भलंमोठं इरलं घेऊन आल्या, ते सभागृहाच्या दारात आडवं अडकलं. पाहुण्यांना तासभर आत जाता येईना. शेवटी चिनेदूने तिला इरल्यासकट तिरपी करून आत घेतली. टाळ्या अशा पडल्या की कुलगुरूही हसून लोटपोट झाले. तोच फोटो आता माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे.

लिन्थोईबद्दल सांगायला हवं. अबोल मुलगी. मराठी शिकली ती सगळी रंजनाकडून, म्हणजे थेट पासलीची. मराठीच्या मॅडमनी एकदा कौतुकाने विचारलं, "जेवण झालं का गं?" ती म्हणाली, "व्हय मॅडम, लई झालं. आता बसवंना." मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच तिला बिघडवलं.

लिन्थोईची आई तिला घरून आंबवलेल्या माशांची एक बाटली पाठवायची. ती बाटली उघडली की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसालाही कळायचं. मी तर जन्माची शाकाहारी; खिडकीत जाऊन उभी राहायचे आणि तोरण्याकडे बघत श्वास घ्यायचे. रंजना म्हणायची, "घे, घे. भोरकरणीला तेवढीच हवा मिळती." आमच्या खोलीत यावरून थट्टेपलीकडे काही झालं नाही. पण शेजारच्या खोलीत पल्लवी होती.

पल्लवी वाईट मुलगी नव्हती. शिवऱ्याला महामार्गावर त्यांचं हॉटेल. लहानपणापासून फोडणीच्या वासात वाढलेली, त्यामुळे नाक जरा जास्तच तयार. तिने मुलींच्या सह्या घेऊन रेक्टर मॅडमकडे अर्ज दिला की बाहेरून आलेल्या मुलींची सोय मागच्या जुन्या इमारतीत वेगळी करावी. त्यांची मेसही वेगळी. मॅडम म्हणाल्या, दिवाळीच्या सुट्टीनंतर बघू. त्यांचं 'बघू' म्हणजे 'करू' हे सगळ्यांना माहीत होतं.

लिन्थोई भांडली नाही, रडली नाही. बाटलीचं झाकण घट्ट लावून तिने ती पिशवीत ठेवली. मग कपडे ठेवले, पुस्तकं ठेवली आणि शेवटी गोधडीची घडी करायला लागली. सुट्टीला जाणारं माणूस गोधडी कशाला नेईल?

"परत येणार ना?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "म्या हितं कुणाचीच न्हाई."

रंजना दारात उभी होती. मला वाटलं, आता ही गोधडी हिसकावून घेणार, भाषण करणार. तिने काहीही केलं नाही. वळली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने सगळं वसतिगृह डोक्यावर घेतलं. "भात कापायला चला! सुट्टी लागंल त्या दिशी पासलीला इर्जिक हाय!"

इर्जिक म्हणजे काय ते तिने चार भाषांच्या मुलांना हातवारे करून समजावलं. एकाच्या शेतात काम आलं की बाकीच्यांनी जायचं, मजुरी घ्यायची नाही, आणि घरच्यांनी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. उद्या दुसऱ्याच्या शेतात. "आमच्यात इर्जिक म्हंजी काय सांगू! खाचरात माणूस मावत न्हाई. पंगतीवर पंगती उठत्यात!" हे ती इतक्या रंगात येऊन सांगायची की केरळच्या मुलांनी विळ्याचा फोटो मागवून घेतला. कुलगुरूंना तिने सांगितलं की हा समितीचाच कार्यक्रम आहे. त्यांनी 'आंतरसांस्कृतिक कृषी संवाद' असं नाव देऊन मंजुरी दिली आणि फलकही छापून दिला. तो फलक नंतर भात सुकवायला फार उपयोगी पडला.

मी तिला एकटीला गाठून विचारलं, "अगं, वसतिगृहाचं भांडण आणि तुझं भात यांचा संबंध काय?"

"एका पातीला लावल्याबिगर माणसाला माणूस कळत न्हाई," ती म्हणाली. पात म्हणजे कापणीला प्रत्येकाच्या वाट्याला येणारा पट्टा.

आता पल्लवीला पातीला लावायचं कसं? सरपंच सरळ शिवऱ्याला पल्लवीच्या वडिलांच्या हॉटेलात जाऊन बसली. मी सोबत होते. चहा मागवला आणि गल्ल्यावरच्या त्या भारदस्त गृहस्थांना विचारलं, "काका, तुमी कुणाचे?" चहा संपायच्या आत त्यांच्या आजीचं माहेर वेल्ह्याकडचं निघालं. दुसऱ्या चहाला ती आजी रंजनाच्या चुलत पणजीची कुणीतरी लागायला लागली. काकांनी भजी मागवली, डोळे पुसले आणि आपला टेम्पो देऊ केला.

"टेम्पोसंगं पल्लवीला बी धाडा," रंजना निघता निघता म्हणाली. "घरचं माणूस असलं म्हंजी बरं."

अशा रीतीने सुट्टीच्या पहिल्या दिवशी पल्लवी तोंड फुगवून टेम्पोत पुढे बसली, टेम्पो चालवायला तिचे वडील, आणि मागे आम्ही सगळे उभे. लिन्थोईची पिशवीही टेम्पोत होती. पासलीहून परतताना काका तिला पुणे स्टेशनवर सोडणार होते. नसरापूर गेलं, वेल्ह्याचा बाजार गेला, चिनेदूने प्रत्येक वळणावर ओरडून विचारलं, "आलं का?" आणि दर वेळी रंजना म्हणाली, "हे काय, आलंच!" दोन्ही अंगांनी पिकलेलं भात सोन्यासारखं उभं होतं. आम्ही इतके आनंदात होतो की गाणी संपली तेव्हा कुणीतरी पाढे म्हणायला लागलं.

रंजनाची वाडी पासलीच्या वरच्या अंगाला आहे. टेम्पो थांबला आणि आम्ही उड्या मारून उतरलो. पहिल्या घराला कुलूप होतं. दुसऱ्यालाही. तिसऱ्या घराच्या ओट्यावर गवत वाढलेलं. पलीकडच्या खाचरात साडीवर पुरुषी सदरा घातलेली एक बाई एकटीच वाकून भात कापत होती. ती उठून उभी राहिली आणि विळा हातात धरून आमच्याकडे बघतच राहिली.

"आये, आली बघ समदी!" रंजना ओरडली.

पल्लवीने जे मनात आलं ते विचारलं. तिला आडपडदा माहीतच नाही. "बाकीची माणसं कुठं आहेत, मावशी?"

"कोन ऱ्हायलंय आता, बाय? समदी पुन्याला. दिवाळीला येत्यात, दिवा लावत्यात, दोन दिस ऱ्हात्यात आन् जात्यात. इर्जिक मोडून लई वरसं झाली. रंजी ल्हान हुती तवा हुयाची."

मी रंजनाकडे पाहिलं. ती विळ्याची धार बघत होती. मग एकदम अंगात आल्यासारखी ओरडली, "काय बघताय? पाती धरा!"

आम्ही पाती धरल्या. माझ्या पातीचं वर्णन मी करत नाही. रंजनाची आई एवढंच म्हणाली की भोरकडे भात असंच उपटतात का. चिनेदू भारे उचलून खळ्यावर नेत होता आणि त्याच्या एका खेपेत आमच्या तीन खेपा होत होत्या. पण सगळ्यांनी तोंडात बोट घातलं ते लिन्थोईला बघून. या मुलीच्या घरी भाताची शेती! विळा तिच्या हातात असा चालत होता की मागे कापलेल्या भाताचे कडपे एका रेषेत पडत होते. रंजनाच्या बरोबरीने तिची पात संपली.

पल्लवी अजून अर्ध्यात होती. त्यांची जमीन रस्त्यात गेलेली, तिने विळा कधी धरलेलाच नव्हता. हाताला फोड, डोळ्यांत पाणी, पण मान वर करायला तयार नाही. या भागात पद्धत अशी की ज्याची पात संपली त्याने मागे पडलेल्याच्या पातीला समोरच्या टोकाने लागायचं. रंजना जागची हलली नाही. लिन्थोईला ही पद्धत कुणी सांगितली नव्हती, बहुधा तिच्याकडेही तशीच असावी. ती बांधावरून फिरून गेली आणि पल्लवीच्या समोरून कापत यायला लागली.

दोघी जवळ आल्या. मधलं भात संपलं आणि दोघी एकमेकींसमोर वाकलेल्या.

"कंबरंत वाकू नगंस," लिन्थोई म्हणाली. "गुडघं वाकीव. न्हाईतर उद्या उठवायचं न्हाई."

पल्लवीने विळा खाली टाकला. मग खदखदून हसली. हसता हसता रडली. "माझी आजी अशीच बोलायची गं," ती म्हणाली. "अगदी अशीच."

दुपारी अंगणात पंगत बसली आणि पहिल्याच वाढणीला भात संपला. रंजनाची आई पातेल्यात बघतच राहिली. तिचा चेहरा एवढासा झाला. "चुकलं बाय माझं," ती म्हणाली. "म्या आपली लई टाकला म्हनून टाकला. माझ्या हाताला आता एकलीचाच अंदाज ऱ्हायलाय."

कुणी काही बोलायच्या आत लिन्थोई उठली, चुलीपाशी बसली आणि दुसरं पातेलं चढवलं. भात शिजेपर्यंत काहीतरी हवं म्हणून तिने पिशवीतून ती बाटली आणली. हातात धरून ती क्षणभर पल्लवीकडे बघत थांबली. मग झाकण उघडलं आणि मासे मिरच्यांसोबत निखाऱ्यावर टाकले. मी सवयीने वाऱ्याची दिशा बघून जागा बदलली.

रंजनाची आई मात्र नाक वर करून म्हणाली, "सुकट भाजतीस व्हय गं? लई दिसांत वास आला बघ. वाईच मला बी दे."

पल्लवीने आपलं ताट पुढे केलं. खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं ते मिरचीनं, असं ती अजून सांगते. मग हात चाटत म्हणाली, "मॅडमना मी सांगते. अर्ज माझा आहे, मीच परत घेणार. ही कुठंही जाणार नाही." आणि चिनेदूने उगाचच टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मला वाटलं, उठून गावभर नाचावं.

रंजनाची आई माझ्या शेजारी बसून जेवत होती. हळू आवाजात म्हणाली, "आज फोन नगं लावाय."

"कसला फोन, मावशी?"

"रंजी जेवती की रोज माझ्यासंगं. तकडं तुमचं समद्यांचं झालं की ताट घिऊन बसती आन् मला फोन लावती. फोन डब्याला टेकवून ठिवायचा आन् दोघींनी जेवायचं. म्हनती, आये, तू एकली जेवू नगंस."

"आये, गप की!" रंजना पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली. कान लाल झाले होते तिचे. एवढी दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो; ती आमच्यासोबत कधी जेवली नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दिवस कलला तेव्हा काकांनी टेम्पो वळवून उभा केला. रंजना घरीच राहणार होती, बाकी सगळे परत निघाले. तिने कुणी कुठे उभं राहायचं, कुणाचा डबा कुणाकडे, चिनेदूने फांद्यांखाली डोकं कसं वाकवायचं, सगळं ओरडून सांगितलं. लिन्थोई शेवटी चढली. तिने सगळ्यांकडे बघून हात जोडले. अर्ज मागे घेतला जाणार, हे तिनेही ऐकलं होतं. तरी तिची पिशवी तिच्या पायाशीच होती आणि तिकीट तिच्या खिशात.

"गाडी चुकंल," ती म्हणाली. "येती म्या."

रंजना टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिली. जिने कुलगुरूंना दारात थांबवलं, तिला शब्द सापडेना. शेवटी इतक्या बारीक आवाजात बोलली की आम्हाला वाकावं लागलं.

"जाऊ नगंस. बाकीच्यांचं ऱ्हाऊ दे. मलाच करमायचं न्हाई."

काकांनी इंजिन बंद केलं. लिन्थोईने पलीकडच्या दोन न कापलेल्या खाचरांकडे बघितलं आणि पिशवी उचलून खाली रंजनाच्या हातात दिली. मागोमाग स्वतः उतरली.

टेम्पो सुटला. आम्ही सगळे हात हलवत होतो, ओरडत होतो, पल्लवी तर खिडकीतून अर्धी बाहेर. लिन्थोई हात हलवत होती, रंजनाची आई हात हलवत होती. रंजनाला हात हलवता येत नव्हता. तिने ती पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली होती.